पाचवा मण

५ मार्च १९२९, मंगळवार

सोलापूरच्या आडतीवरची सव्वीस वर्षांची तोलारी, माल तोलायची नोकरी, आज संपली. संपली कसली, शेठनं संपवली. ही वही कोरी पडून होती, आजपासून हिच्यात लिहिणार. पेठेत कुणाशी बोललो तर भांडणच होईल.

झालं ते असं. दिवाळीला आलेल्या भुईमुगाच्या शेंगा मीच तोलून गुदामात लावल्या होत्या. ओल्या होत्या, हाताला गार लागत होत्या. आज विकायला काढल्या, पुन्हा काट्यावर चढवल्या, तर मणामागे चार शेर कमी. शेठ सगळ्या हमालांसमोर विचारतो, "गुरप्पा, माल कुठं गेला?" मी म्हटलं, शेंग वाळते, वाळली की घटते, हे शेंबड्या पोराला कळतं. तर म्हणतो, "दोन शेर घट मला मान्य. वरचे दोन कुणाच्या घरी गेले? गळ्यातलं लिंग तळहातावर घे आणि सांग, मला ठाऊक नाही म्हणून."

तळपायाची आग मस्तकात गेली. आम्हा लिंगायतांचं लिंग, दीक्षेपासून जे पूजेशिवाय छातीवरून उतरलं नाही, ते शेंगांसाठी काढू? मी साफ नाही म्हणालो. त्यानं लगेच मान डोलावली, चोरी कबूल झाल्यासारखी. काटा माझा, वजनं माझी, ती उचलली आणि शुक्रवार पेठेतलं घर गाठलं.

सुनेनं, दाक्षायणीनं, पाणी दिलं आणि काही न विचारता समोर बसली. माझा पोरगा शंकरप्पा जाऊन दोन वर्षं झाली, त्याची आई त्याच्याही आधी गेली. घरात आता मी आणि ही. तिला म्हटलं, "पोरी, एक ध्यानात ठेव. तोलाच्या भांडणात लिंग काढायचं नाही. आणि जो काढायला लावतो, त्याच्या दारात पुन्हा पाय ठेवायचा नाही. मेलो तरी."

"व्हय मामंजी," म्हणाली.

९ मार्च, शनिवार

चार दिवस घरात बसून अंगाची लाही झाली. रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस दाराकडं बघून जातो असं वाटतं. बघू दे मेल्यांना.

आज दाक्षायणी भाकरी थापताना म्हणाली, "मामंजी, पुण्याकडचं बटाटं आता लई स्वस्त लागलंय. वाळवून ठिवलं तर श्रावणापतुर टिकतंय. उपासाला लोक हातोहात नेत्यात. माजी आई वैरागला दरसाली करायची की."

मी खेकसलो. तोलारानं बायकांची वाळवणं विकायची का, असं बरंच बोललो. ती भाकऱ्या थापत राहिली. जेवल्यावर मला सुचलं की श्रावणात बटाटा मिळत नाही आणि मिळाला तर महाग. आत्ता घेऊन वाळवून ठेवला तर दुसऱ्याच्या गुदामाशी संबंधच नको. माल माझा, काटा माझा. ठरवून टाकलं. तिला सांगितलं तर हसली. हसण्यासारखं काय होतं कळलं नाही.

१४ मार्च, गुरुवार

पाच मण बटाटा आणला. घरात तुळईला काटा टांगला आणि मी स्वतः तोलून घेतला. मण चाळीस शेराचा, पाच पोती, पाचही बरोबर. आडत्याचा तोलार नवा आहे, दांडी धरताना हात कापतो. माझ्या जागी असलेच लोक येणार.

शेजारची कस्तुराबाई सोलायला येते म्हणाली. धनगराची बाई, सांगोल्याकडची. नवरा घोंगड्या विणतो, ही दारात शेरडं बांधते आणि आम्हाला दूध घालते. जीभ शेरडाच्या शिंगासारखी वाकडी. पण दाक्षायणीचं तिच्याशी जमतं.

१७ मार्च, रविवार

आज सकाळीच भांडण. सोललेल्या बटाट्यांच्या विळीवर पातळ चकत्या केल्या, तुरटीच्या पाण्यातून काढल्या, मिठाच्या पाण्यात अर्धकच्च्या उकडल्या, इथपर्यंत ठीक. माळवदावर, घराच्या सपाट धाब्यावर, पसरायला ही शंकरप्पाची धोतरं घेऊन आली. दोन वर्षं पेटीत घडी मोडू न दिलेली धोतरं! मी ओरडलो, "माझ्या पोराची धोतरं बटाट्याखाली?"

ती म्हणाली, "पेटीत कसर लागायला लागली, मामंजी. एवढं मऊ कापड दुसरं कुटं हाय?"

कस्तुराबाई मध्ये पडली. "पसरू द्या की वो. तिनं जपली तंवर जपली. आता तिला बी जरा पेटी उघडू द्या."

बायकांच्या बोलण्यात मी पडत नाही. खाली येऊन बसलो. संध्याकाळी वर गेलो तर माळवदभर पांढरं दिसत होतं. चकत्यांच्या कडा वळायला लागल्या होत्या. एक उचलून खाल्ली. मीठ बेताचं होतं. तिला काही सांगितलं नाही, सांगितलं की डोक्यावर बसतात.

२२ मार्च, शुक्रवार

दाक्षायणीचा भाऊ रेवणप्पा वैरागहून आला. तोंडात पान, खांद्यावर उपरणं, जसा काही मीच त्याच्या दारी आलोय. तासभर स्वयंपाकघरात बहिणीशी कुजबुजत होता. थोडं थोडं कन्नड, थोडं मराठी, माझ्या कानावर पडू नये म्हणून. पण 'उडकी' हा शब्द ऐकला. आमच्यात विधवेचं पुन्हा लग्न होतं, त्याला उडकी म्हणतात. मोडनिंबचा कुणी दुकानदार आहे, बायको मेलेली.

ती मोठ्यानं म्हणाली, "साकु, अण्णा. बेडा म्हटलं की बेडा." पुरे, नको म्हटलं की नको. तो आला तसा गेला.

नको म्हणणारच. इथं कोण त्रास देतंय तिला? आयतं घर आहे. रेवणप्पाला मात्र दारातच सांगायला हवं होतं की पुन्हा असलं काही घेऊन आलास तर पायऱ्या उतरायला दोन माणसं लागतील.

रात्री तिनं माझ्या भाकरीवर तूप जास्त घातलं. का ते कळलं नाही.

२८ मार्च, गुरुवार

टाक आपटला, वहीवर शाई सांडली.

परवा रंगपंचमी. पोरं माळवदावरून रंग उडवतात, म्हणून चार मणांचं वाळवण आज आत घेतलं. पाचवं पोतं सणानंतर करायचं ठरलं. चकत्या कडकडीत वाळल्या आहेत, बोटात मोडल्या की कट्कन आवाज येतो. डब्यांत भरण्याआधी मी काटा लावला.

चार मण, म्हणजे एकशे साठ शेर. भरले एकतीस.

पुन्हा तोललं. एकतीस. पारडी बदलून तोललं. एकतीस. एकशे एकोणतीस शेर माल माझ्या घरातून, माझ्या डोक्यावरच्या माळवदावरून गेला!

दाक्षायणीला हाक मारली. "माल कुठं गेला?"

ती म्हणाली, "कुटं जातोय? वाळल्यावर घटतंयच की, मामंजी."

मला! मला घट शिकवते! सव्वीस वर्षं घटीचे आकडे तोंडपाठ असलेल्या माणसाला! शेंगेला मणामागे चार शेर, चिंचेला पाच, फार झालं तर सहा. मणाला बत्तीस शेर घट कोणत्या बाजारात ऐकली कुणी? सालीचं म्हणशील तर सालं शेरडांनी खाल्ली, ती मी धरली. उरलेलं? दुपारी मी झोपतो तेव्हा वर दोघीच असतात. कस्तुराबाईचं माळवद आमच्याला लागून आहे. एक पाऊल टाकलं की पलीकडं. नाहीतर रेवणप्पा त्या दिवशी रिकाम्या हातानं आला आणि रिकाम्या हातानं गेला, असं मी का धरून चालावं?

हे सगळं बोललो. मी म्हटलं, "तुला ठाऊक नसेल तर लिंग तळहातावर घे आणि सांग."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं आता रडेल. रडली नाही. म्हणाली, "न्हाय काढणार."

झालं. उत्तर मिळालं. ज्याच्या पोटात काही नाही त्याला शपथेची भीती कसली?

२९ मार्च, शुक्रवार

सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरकडून कालच तिचा निरोप गेला होता वाटतं. दुपारी रेवणप्पा आला. ती एक गाठोडं घेऊन निघाली. डबे सगळे कापड बांधून, कडुनिंबाचा पाला घालून फळीवर ओळीनं लावून गेली. शंकरप्पाची धोतरं धुऊन दोरीवर टाकली होती. मला वाकून नमस्कार केला. मी आशीर्वाद दिला नाही.

जाऊ दे. चोर घरात ठेवण्यापेक्षा रिकामं घर बरं.

चूल पेटवता येईना. सगळं घर धुरानं भरलं. मरो.

३० मार्च, शनिवार

रंगपंचमी. गल्लीत दिवसभर दंगा. दाराला कडी घालून बसलो.

संध्याकाळी कस्तुराबाई दुधाचा तांब्या दारात आपटून गेली. कडी काढायला लावलीच. म्हणाली, "म्हाताऱ्या, अक्कल पेंड खायाला गेली का तुझी? तुज्यापायी त्या पोरीनं दोन येळा भावाला न्हाय म्हणून सांगितलं. म्हणायची, मामंजींला भाकर कोण घालंल. आजच्या आज वैरागला जा आन् तिला घिऊन ये."

माझ्यापायी? मी तिला थांब म्हटलं होतं का कधी? आणि ही बाई तरी कोण धुतल्या तांदळाची. मी सांगितलं, "तुझं नावही यात आहे. बोलू नकोस. मी पुरावा काढणार. एक पोतं शिल्लक आहे. ते मी स्वतः सोलणार, स्वतः वाळवणार, स्वतः तोलणार. माळवदाच्या जिन्याला कुलूप, किल्ली माझ्या करदोड्याला. मण वाळून किती उरतो ते बघू. मग तिच्या भावाच्या दारात जाऊन चारचौघांत आकडा सांगतो."

"आदी जा, मग तोल."

"आधी वजन पुरं होऊ दे."

ती कपाळाला हात लावून गेली. यांना सगळ्यांना पुराव्याची भीती का वाटते?

१ एप्रिल, सोमवार

काल दिवसभर सोलत होतो. बोटं तीन ठिकाणी कापली. चाळीस शेर बटाट्याचे सोलून छत्तीस भरले. ठीक. चार शेर साल, हे मान्य.

आज उकडून पसरले. अर्ध्या चकत्या जाड झाल्या, अर्ध्या फुटल्या. शंकरप्पाचीच धोतरं घेतली, दुसरं कापड सापडलं नाही. छत्री घेऊन दिवसभर माळवदावर बसलो. कावळासुद्धा उतरू दिला नाही. कस्तुराबाई तिच्या माळवदावर आली, माझ्याकडं बघितलं आणि तोंड फिरवून लोकर कातत बसली.

संध्याकाळी तोललं. एकवीस शेर.

काट्यात काहीतरी बिघाड आहे. दांडी घासली असेल.

२ एप्रिल, मंगळवार

चिंचेनं वजनं घासली. वाण्याकडं नेऊन त्याच्या वजनांशी ताडून बघितली. गुंजेचाही फरक नाही. वाणी म्हणाला, "तुमची वजनं चुकली तर सोलापूर बुडंल की गुरप्पा." मी हसलो नाही.

येताना जिन्याचं कुलूप तपासलं. तसंच होतं. दुपारभर वर बसलो. ऊन असं की डोळ्यांपुढं अंधारी येत होती. संध्याकाळी तेरा शेर.

जेवलो नाही. कुणावर ओरडायचं तेही कळेना. कुणी नव्हतंच.

३ एप्रिल, बुधवार

आज पहाटेपासून अंधार पडेपर्यंत जागेवरून उठलो नाही. तहान लागली तरी खाली गेलो नाही. मी आणि ऊन, तिसरं कुणी नाही. चकत्यांवरून नजर काढली नाही.

नऊ शेर.

चकत्या सगळ्या आहेत. एकही गेलेली नाही. ओळी तितक्याच आहेत, सकाळी मी मोजल्या होत्या. प्रत्येक चकती आहे, फक्त ती कागदासारखी झाली आहे.

लिहायला धजत नाही.

४ एप्रिल, गुरुवार

साडेसात शेर. आता कट्कन मोडतात.

चार मणांचे या हिशेबानं तीस व्हायला हवेत. तिचे एकतीस भरले. माझ्यापेक्षा शेरभर जास्त, कारण तिनं साल पातळ काढली. तिनं एक चकती इकडची तिकडं केली नाही. माझे तुकडे काळे पडलेत, तुरटी घालायची विसरलो. तिचे पांढरेस्वच्छ.

माझ्या हातानं, माझ्या काट्यानं, कुलूप लावून मी हे सिद्ध केलं. शेठ दोन शेर घट धरत होता आणि चार मानायला तयार नव्हता म्हणून मी त्याला महिनाभर मनात शिव्या घातल्या. मी सहा धरत होतो आणि बत्तीस मानायला तयार नव्हतो. शेठला निदान मी परका होतो. ही माझ्या घरात, माझ्या चुलीपुढं, माझ्या पोराच्या मागं राहिलेली. आणि तिच्याकडं मी शपथ मागितली. काय मागितलं हे आज दुपारी काटा उतरवताना डोक्यात आलं आणि मी तिथंच पायरीवर बसलो. थू माझ्या तोलारीवर.

उद्या पहिल्या मोटारीनं वैराग.

५ एप्रिल, शुक्रवार

वैरागहून आत्ताच आलो. जसं झालं तसं लिहितो.

काटा, वजनं आणि माझी साडेसात शेरांची पिशवी घेऊन गेलो होतो. रेवणप्पानं ओसरीवर घोंगडं टाकलं, पाणी दिलं, पण आत या म्हणाला नाही. दोन शेजारी येऊन बसले. मी उभ्यानंच सांगितलं, "चाळीस शेराचे साडेसात होतात. मी तोलून बघितलंय. पोरीनं काही घेतलं नाही. आळ मी घातला, तो खोटा होता. तिला न्यायला आलोय."

रेवणप्पा म्हणाला, "हे सांगायला आठ दिवस लागलं व्हय तुमाला? परवा मोडनिंबच्या लोकांनी सुपारी फोडली. बुधवारी."

बुधवारी मी माळवदावर चकत्यांच्या ओळी मोजत बसलो होतो.

मी ओरडलो त्याच्यावर. सुपारी फोडायची एवढी घाई काय होती, चार दिवस थांबता येत नव्हतं का, सगळं बोललो. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ती दोन वरसं थांबली की."

तेवढ्यात दाक्षायणी दारात आली. पिशवीत हात घालून एक तुकडा काढला, उजेडात धरला. "तुरटी न्हाय घातली, मामंजी?"

"विसरलो."

"हे इकू नका. घरीच खावा. चव तीच असती."

मला काय झालं कोण जाणे. गळ्यातली चौकटी, लिंगाची डबी, ओढली, लिंग तळहातावर घ्यायला लागलो. म्हणणार होतो, याच्या साक्षीनं सांगतो, पुन्हा आयुष्यात तुला वाकडा शब्द बोलणार नाही, घरी चल. तिनं पुढं होऊन माझी मूठ धरली.

"ठिवा आत," म्हणाली. "तोलाच्या भांडणात लिंग काढायचं न्हाय. तुमीच सांगितलं हुतं की मला."

पुढचं वाक्य ती बोलली नाही. ते माझंच होतं, मला पाठ होतं. जो काढायला लावतो, त्याच्या दारात पुन्हा पाय ठेवायचा नाही.

तिनं वाकून नमस्कार केला. या वेळी मी डोक्यावर हात ठेवला. रेवणप्पानं काटा मोटारीपर्यंत उचलून दिला. मला त्याचा राग आला, पण तो कशाचा आला ते सांगता येणार नाही.

१२ ऑगस्ट, सोमवार

श्रावणातला पहिला सोमवार. ज्येष्ठात उडकी झाली, तेव्हा तिचे एकतीस शेर कापड बांधलेले तसेच वैरागला पाठवले. जेवणात तिच्याच बटाट्याची भाजी होती, असं ड्रायव्हर सांगत होता. मी गेलो नव्हतो. बोलावणं आलं होतं.

पेठेत दोन-तीन घरांतून वाळवण आहे का म्हणून विचारायला आले. नाही म्हणून सांगितलं. माझे काळे तुकडे कुणाला दाखवत नाही.

आज त्यातले शेरभर पाण्यात घातले. दोन तासांनी काढून तोलले. खोड जात नाही. साडेतीन शेर भरले. फुगून जवळजवळ पहिल्यासारखे झाले. मिरची-जिरं घालून केले. कस्तुराबाईनं ताटलीभर नेले आणि म्हणाली, मीठ लई झालंय.

खरंच जास्त झालं होतं. बेत तिलाच ठाऊक होता. एका माणसाला शेर फार होतो, उरलेलं शेरडांना घातलं आणि काटा तुळईवरून काढून ठेवला.